कपाटाची गोष्ट, बाहेरून

चूक एवढीच झाली की दिवा बोलणाऱ्यावर लागायचा तो ऐकणाऱ्यावर लागला. ज्या माणसानं उभी हयात दिवे कमीजास्त करणाऱ्या डिमरच्या दांड्या वरखाली करण्यात घालवली, आंधळ्या हातांनीसुद्धा ज्याला बरोबर दांडी सापडावी, त्याची बोटं शनिवारी संध्याकाळी भरल्या सभागृहात शेजारच्या दांडीवर पडली. नाटकही नव्हतं ते. एका कथेचं अभिवाचन होतं. चार खुर्च्या, चार नट, हातात कागद, आणि जो वाचेल त्याच्यावर उजेड. काम म्हणाल तर शेंबड्या पोरानं करावं असं. कथा एका मुलाची, आणि सांगणाराही तोच. मुलगा दूरच्या नोकरीसाठी घर सोडून निघालाय, बॅग दारात आहे, खाली टॅक्सी थांबलीय, आणि बाप न्हाणीघरात शिरून नळ सोडून बसलाय. मुलगा दारावर टकटक करतो, हाक मारतो, आतून फक्त पाण्याचा आवाज. शेवटी तो तसाच निघून जातो. ‘त्या दिवशी माझ्यापेक्षा त्यांना आंघोळ मोठी वाटली,’ असं मुलगा म्हणतो, आणि तालमींत दर वेळी ऐकणाऱ्यांच्या मनात त्या बापाबद्दल तिडीक उठायची. बापाची वाक्यं तोवर संपलेली असायची. तो वाचणारा म्हातारा नट बाजूच्या खुर्चीत अंधारात निवांत बसायचा, कधी चष्मा काढून डोळे चोळायचा. शनिवारी तो चष्मा काढत असतानाच त्याच्यावर दिवा लागला. दुसरा कोणी दचकला असता, पण म्हातारा मुरलेला होता. हातातला चष्मा त्यानं हातातच ठेवला आणि तो नुसता ऐकत राहिला. अंधारातून मुलाचा आवाज येत होता, ‘आतून फक्त पाण्याचा आवाज,’ आणि उजेडात बाप सदऱ्याच्या टोकानं कोरड्या काचा पुसत होता, पुसतच होता. सभागृहात कोणी खोकलंसुद्धा नाही.

दांडी खाली ओढायला दिवेवाल्याचा हात गेला होता. कानातल्या फोनमधून दिग्दर्शिका कुजबुजली, “हात लावू नकोस. मरू दे, तसाच राहू दे.” नंतर चहाच्या वेळी ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली आणि कपातला चहा न पिता म्हणाली, “महिनाभर मी त्या माणसाला दगड समजत होते रे. एक शब्द आपण बदललेला नाही. नळ त्यानं कशाला सोडला होता, ते मला आज कळलं.”

“चुकून लागला,” तो म्हणाला.

“ते कळलं मला. आता रोज चुकवायचा,” ती म्हणाली, आणि त्याच्या बशीतलं बिस्किट उचलून निघून गेली.

चुकीचं श्रेय मिळालं की माणूस खूश व्हायला हवा, पण तो मान खाली घालून घरी गेला. चूक का झाली ते त्याला ठाऊक होतं. प्रयोगाच्या आधी पुतणीचा फोन आला होता. दादाची ही थोरली मुलगी, बापाला अर्धांगवायू झाल्यापासून साऱ्या घराची सूत्रं हातात घेतलेली. “काका, उद्या सगळे जमतोय. बाबांना दवाखान्यातून घरी आणल्यापासून पहिल्यांदाच. आणि कपाटाची गोष्ट या वेळी तुम्ही सांगायची.” त्यानं आढेवेढे घेतले. ती गोष्ट दादाची, आपल्याला कुठं सांगता येते, वगैरे. “बाबांना बोलता येत नाही, म्हणून तर,” ती म्हणाली. “बोलायला शिकवणाऱ्या बाईंनीच सांगितलंय. त्यांच्या रोजच्या ओळखीची गोष्ट सांगायची आणि वाक्यातला शेवटचा शब्द गाळायचा. तो त्यांनी भरायचा. ओळखीच्या वाटेवर जीभ आपोआप चालते म्हणे. आणि बाबांच्या ओळखीची गोष्ट म्हणजे दुसरी कुठली?” फोन ठेवून तो डिमरपाशी बसला तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर रंगमंच नव्हताच. दोन पल्ल्यांचं, हिरव्या रंगाचं एक जुनं लाकडी कपाट होतं.

त्या कपाटानं त्याला नाव दिलं होतं. कागदोपत्री नाव वेगळं, पण नात्यागोत्यात तो कपाट. मित्रांत कपाट्या, पुढच्या पिढीचा कपाटकाका, आणि आता पुतणीची चिमुरडी तर ‘कप्पूआजोबा’ म्हणून गळ्यात पडते. गोष्ट दादाची, सांगणारा दादा, हिरो दादा, आणि सगळ्यांच्या हसण्याचा विषय हा. दादा शाळेत खेळाचा शिक्षक. मैदानाच्या या टोकावरून त्या टोकाच्या पोराला हाक मारून मारून आवाज असा कमावलेला की शेजारच्या इमारतीतली माणसंही गोष्ट ऐकायला गॅलरीत यायची. दादा उभा राहूनच सांगायचा. “सुट्टीचे दिवस. आई टेलिफोनच्या ऑफिसात, बाबा फिरतीवर. आणि हे लोढणं माझ्या गळ्यात. मी मॅच खेळून येतो, हातात बॅट, बघतो तर दार सताड उघडं आणि बाळराजे गायब!” मग पलंगाखाली बघणं, गच्चीवरच्या टाकीत डोकावणं, सायकलवाल्याचं दुकान, बसडेपो, कालव्याचा काठ. डेपोच्या पायऱ्यांवरून दादा पडतो आणि गुडघा फोडून घेतो, तेव्हा तो खरोखरच खुर्चीवरून पडून दाखवायचा. मग आई धावत येते, ऑपरेटरचं कानाला लावायचं यंत्र तसंच गळ्यात लोंबतंय, आणि ती रडता रडता तोंडासमोरच्या त्या नळकांड्यात बोलतेय, इथं बायका हसून हसून पदर तोंडाला लावायच्या. “शेवटी आईच्या तोंडावर पाणी मारायची वेळ आली. टॉवेल काढायला म्हणून मी कपाट उघडतो, आणि काय!” इथं दादा थांबायचा. सगळ्यांकडे बघायचा. मग हलकेच म्हणायचा, “पठ्ठ्या झोपलेला.” आणि खोली फुटायची. बारशाला, लग्नाला, परीक्षा पास झाल्यावर, नवं घर घेतल्यावर, ही गोष्ट झाल्याशिवाय कार्यक्रम पुरा व्हायचा नाही. तोही हसायचा. हसणाऱ्यांत आपणही हसलं की लोकांच्या नजरा लवकर दुसरीकडे वळतात, हे तो लहानपणीच शिकला होता.

तो झोपलेला नव्हता. ही गोष्ट जगात दोघांनाच माहीत होती, आणि दोघं तिच्याबद्दल कधीही एक अक्षर बोलले नव्हते. रविवारी दुपारी दादाकडे जाणाऱ्या बसमध्ये खिडकीशी बसल्या बसल्या तो पुन्हा त्या कपाटात गेला. त्यासाठी त्याला काही करावं लागत नसे, नुसते डोळे मिटले की पुरे. डांबरगोळ्यांचा वास. बाबांचा जाड लोकरीचा कोट, त्याची गालाला लागणारी गार बटणं. दोन पल्ल्यांच्या मधल्या फटीतून आत येणारी उजेडाची उभी रेघ. कोणी खोलीतून गेलं की ती रेघ विझायची आणि पुन्हा लागायची, आणि विझण्याच्या कमीजास्त वेळावरून माणूस ओळखता यायचा. पुढे तो दिव्यांच्या धंद्यात का गेला, असं कोणी विचारलं की तो काहीबाही सांगायचा. खरं कारण ती रेघ होती. तो कपाटात गेला होता तो रुसून. दादानं मॅचला नेलं नाही, ‘तू लिंबूटिंबू, घरी बस’ म्हणाला, म्हणून. त्यानं आत शिरून पल्ले दाणकन ओढून घेतले. मग पावलं ऐकू आली, दादाचीच, टोपी न्यायला परत आलेला. आणि खट्ट. कडी. बाहेरून पडलेली कडी. पावलं गेली.

त्या खट्ट आवाजानं त्याच्या आयुष्यात जेवढी जागा अडवली होती तेवढी चांगल्या चांगल्या माणसांनी अडवली नव्हती. दादानं कडी लावली. मुद्दाम लावली. लोढणं नको म्हणून कपाटात कोंडून पोरगा खेळायला गेला. सहा-सात वर्षांचं डोकं ते, पण त्यानं एक ठरवलं ते ठरवलं. मेलो तरी हाक मारणार नाही. दार वाजवणार नाही. सगळं घर धुंडाळलं जाताना तो ऐकत होता, शेजाऱ्यांचे आवाज ऐकत होता, आणि मग आई आली, आईचं रडणं ऐकलं तेव्हा मात्र त्याला ओरडावंसं वाटलं. पण एवढा वेळ गप्प राहिल्यावर आता ओरडायचं कसं, हेच त्याला कळेना. शेवटी कडी निघाली, पल्ला उघडला, उजेडात दादाचं तोंड दिसलं, घामानं आणि मातीनं बरबटलेलं. दोघांची नजरानजर झाली. दादानं मागे वळून एकदा पाहिलं, मग आपला मळका तळवा त्याच्या डोळ्यांवर ठेवला आणि कानाशी लागून म्हणाला, “डोळे मीट.” आणि मग मोठ्यानं, साऱ्या घराला ऐकू जाईल असं, “सापडला! झोपलाय बघा गाढव!”

वाहवा. काय डोकं चालवलं होतं पठ्ठ्यानं! कोंडलं कोणी ते कधी बाहेर पडायलाच नको, म्हणून धाकटा झोपलेला. धाकटा वेडा, थोरला शहाणा. पुढच्या साऱ्या वर्षांत दादानं त्याच्यासाठी काय नाही केलं? बाबा गेल्यावर फी भरली, ‘दिव्यांचा कसला धंदा’ म्हणणाऱ्या मामांना दारातून परत धाडलं, तो तापानं फणफणला तेव्हा उशाशी बसून राहिला. तो सगळं घेत गेला आणि मनातली अढी तशीच ठेवत गेला. दादाच्या प्रत्येक चांगुलपणावर त्याचं मन गुपचूप म्हणायचं, फेडतोय. कडीचं फेडतोय. असं म्हटलं की घेणं सोपं जायचं. बस सिग्नलला थांबली तेव्हा त्यानं मनाशी पक्कं केलं. गोष्ट आज आपल्या हातात आहे. आज ती आतून सांगायची. डांबरगोळ्यांसकट, रेघेसकट, कडीसकट. आणि लगेच त्याला दुसरंही वाटलं, की आज दादाला उलट बोलता येत नाही, आणि नेमका आजच तुला कंठ फुटतोय काय रे? त्यानं खिडकीबाहेर बघितलं. एक बाई कुत्र्याला घेऊन रस्ता ओलांडत होती आणि कुत्रं रस्त्याच्या मधोमध बसकण मारून हटत नव्हतं. मागच्या गाड्या भोंगे वाजवत होत्या. बाई त्याला मारत नव्हती, ओढत नव्हती, नुसती समजूत घालत होती.

दादाच्या घरी माणसं कमी आणि खुर्च्या जास्त मांडल्या होत्या. दादा खिडकीपाशी, हातवाल्या खुर्चीत, उजवा हात मांडीवर परक्याचा ठेवल्यासारखा. तोंडाची एक बाजू किंचित उतरलेली. दवाखान्यात तो दादाला भेटला होता, पण तिथं सगळेच आजारी दिसतात. इथं, जिथं दादाचा आवाज भिंतींवर आदळायचा त्या खोलीत, दादा गप्प बसलेला बघणं जड होतं. पुतणीनं केक आणला होता, घरातली पोरं त्याभोवती घिरट्या घालत होती. चिमुरडीनं त्याच्या क्रीममध्ये बोट घालून आधीच सही करून ठेवली होती. वहिनीनं त्याला बघून पदरानं खुर्ची पुसली. तिनं दर वेळी पुसावी आणि त्यानं दर वेळी ‘वहिनी, मी काय पाहुणा आहे का’ म्हणावं, असा त्यांचा रिवाज. आज त्यानं म्हटलं नाही आणि तिच्या ते लक्षात आलं.

“काय हो भावजी, कुठं हरवलात? पुन्हा कपाटात का?” ती म्हणाली, आणि सगळे हसले. दादाही हसला, अर्ध्या तोंडानं.

“चला, सुरू करा,” पुतणी म्हणाली. “आणि शेवटचा शब्द गाळायचा हं काका. बाबांनी भरेपर्यंत कोणी बोलायचं नाही. चिमणे, तू तर मुळीच नाही.”

तो दादासमोर स्टूल ओढून बसला. घसा खाकरला. आयुष्यात कधी तो उजेडात बसून बोलला नव्हता. त्याची जागा प्रेक्षकांच्या मागे, काचेच्या खोलीत. पण ठरवलं होतं ते ठरवलं होतं. “मी कपाटात होतो,” तो म्हणाला, “आणि आत सगळीकडे होता…” तो थांबला. सोपा शब्द होता. अंधार. चिमुरडीनं तो सांगण्यासाठी ओठ आवळून धरले. दादा त्याच्याकडे बघत राहिला. डाव्या हाताची बोटं खुर्चीच्या हातावर हलली. डोळ्यांत ओळख काही येईना. त्यानं पुढचं वाक्य घेतलं, “माझ्या गालाला लागत होता बाबांचा…” काही नाही. दादाच्या कपाळावर आठी आली, ओठ थरथरले, आणि मग त्यानं मान दुसरीकडे वळवली, हरलेल्या पोरासारखी. पुतणीचा चेहरा पडला. “अहो, असं काय करता?” वहिनी हळूच म्हणाली. “ही कुठली गोष्ट? त्यांना कसं माहीत असेल आत काय होतं? ते कुठं होते कपाटात?”

किती साधं बोलली ती. खोलीत कोणाच्या लक्षातही राहिलं नसेल. पण त्याला शनिवारी त्या दांडीवर बोट पडलं तेव्हा झालं होतं तसंच झालं. दादा कपाटात नव्हता. दादाला आतलं काहीच माहीत नव्हतं, ना कोट, ना बटणं, ना रेघ, ना धाकट्यानं काय ऐकलं आणि त्यावरून काय ठरवलं ते. दादाची जीभ चालायची असेल तर ती दादाच्या वाटेनंच चालणार, आणि त्या वाटेवर दादाबरोबर जायचं तर आपल्याला आधी कपाटातून बाहेर यावं लागणार. घोडं तिथं अडलं होतं. त्यानं स्टूल थोडं पुढे सरकवलं.

“बरं,” तो म्हणाला. “सुट्टीचे दिवस. दादा मॅच खेळून घरी आला. हातात होती…”

दादाची मान वळली. “बॅट,” तो म्हणाला. जाड, ओला शब्द, पण शब्द. पुतणीनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.

“दार सताड…”

“उघडं.”

“पलंगाखाली बघितलं, मग गच्चीवर गेला आणि डोकावला…”

“टाकीत.”

गोष्ट निघाली. ती त्याच्या तोंडून निघत होती पण चाल दादाची होती, आणि त्याला आयुष्यात पहिल्यांदा दादाच्या मागोमाग पळावं लागत होतं. आजवर तो ही गोष्ट शेकडो वेळा ऐकत आला, पण दर वेळी कपाटात बसून. बाहेरची पळापळ त्याला फटीतून ऐकू यायची, तेवढीच. आता पळताना दिसायला लागलं. टाकीचं झाकण तेरा वर्षांच्या पोराला एकट्याला उचलवत नाही, दादानं ते उचललं होतं. आणि टाकीत डोकावणं म्हणजे काय बघायला डोकावणं, हे त्याच्या अंगावर आत्ता आलं. सायकलवाल्याचं दुकान. डेपो. डेपोच्या पायऱ्यांवरून दादा पडला आणि फुटला… “गुडघा,” दादा म्हणाला, आणि डाव्या हातानं त्यानं पायजम्यावरूनच तो गुडघा चाचपला. तिथली खूण साऱ्या घरानं पाहिलेली होती. कालव्याचा काठ. फुटक्या गुडघ्यानं पोरगं कालव्याच्या काठानं पाण्यात बघत पळतंय. यात हसण्यासारखं काय होतं? आपण सगळे इतकी वर्षं इथं हसत आलो ते कशाला? आणि मग त्याला दुसरंच सुचलं. ज्यानं कडी लावली, तो कालव्याला कशाला जाईल? ज्यानं कोंडलं, तो आल्या आल्या कपाट उघडेल. चांगला फटका देईल, तोंड उघडलंस तर बघ म्हणेल, आणि विषय संपेल. टाकीत कशाला डोकावेल? मनात तो नेहमीसारखं उत्तर शोधू लागला, की घाबरला असेल, नाटक करत असेल. पण नाटकं त्यानं जन्मभर पाहिली होती. नाटकात पडणारा नट गुडघा फोडून घेत नाही.

तो थांबला होता. सगळे वाट बघत होते. त्यानं गोष्टीत कधीच नसलेलं एक वाक्य घातलं. त्याचा आवाज त्यालाच ओळखीचा वाटला नाही. “कपाटात कोणी बघितलं नाही. कारण कपाटाला बाहेरून होती…”

“कडी,” दादा म्हणाला. लगेच. अडखळलासुद्धा नाही.

“अगं बाई, ती मेली कडी!” वहिनी केक कापता कापता म्हणाली. “मी लग्न होऊन आले तेव्हा तिनं मला पण रडवलं होतं. पल्ला जरा जोरात ओढला की सैल व्हायची, आणि मग कोणाच्या पावलाच्या धक्क्यानंही आपसूक पडायची खट्टकन. सासूबाईंनी तिला चिंधी बांधून ठेवली होती. मला म्हणाल्या, ही सोडू नकोस गं, धाकटा एकदा आत अडकलाय.” तिनं केकचा तुकडा बशीत ठेवला. “तुम्हाला नाही आठवत, भावजी? लाल चिंधी?”

आठवत होती की. लाल चिंधी, आईच्या जुन्या ब्लाउजची. शाळेतून येऊन दप्तर टाकताना रोज दिसायची. आणि तो रोज ती बघून मनात म्हणायचा, आईला कळलंय, दादानं पुन्हा कोंडू नये म्हणून बांधलीय. चिंधी तीच. डोळ्यांसमोर टांगलेली. तो तिच्याकडे आतून बघत होता, आणि आतून कडीवरचा हात दिसत नाही, नुसता आवाज ऐकू येतो. रुसून दाणकन ओढलेला पल्ला आपला. टोपी न्यायला आलेली पावलं दादाची. आणि खट्ट कोणाचंच नाही.

कोणाचंच नाही. त्यानं ते मनात दोनदा म्हणून पाहिलं. एखादा माणूस खांद्यावर पोतं घेऊन चाललाय, सवयीनं वाकून चाललाय, आणि कोणीतरी सहज म्हणावं की अहो, त्यात काही नाहीये. त्याला एकदम हलकं वाटलं, इतकं की स्टुलावरून पडतो की काय असं वाटून त्यानं दादाच्या खुर्चीचा हात धरला.

“पुढे!” चिमुरडी ओरडली. “कप्पूआजोबा, शेवट राहिला!”

“हो,” तो म्हणाला. “टॉवेल काढायला म्हणून दादानं कपाट उघडलं. आणि आत पठ्ठ्या होता…”

नियम धाब्यावर बसवून सगळी पोरं एका सुरात ओरडली, “झोपलेला!”

दादानं मान हलवली. नाही. पुन्हा हलवली, आणि चिडून डावा हात वर केला, मैदानावर गोंधळ थांबवायला करायचा तसा. पोरं गप्प झाली. दादा त्याच्याकडेच बघत होता. तोंडाची चांगली बाजू कामाला लागली, मानेच्या शिरा ताणल्या. “जा… गा,” तो म्हणाला.

खोलीत कोणाला काही कळलं नाही. पुतणी म्हणाली, “जागा? बाबांना उठायचंय का?” पण दादानं तिच्याकडे पाहिलंच नाही. त्याला अजून बोलायचं होतं. “आई… मारे… मारेल,” आणि मग डावा तळवा त्यानं हवेत धरला, कोणाच्या तरी डोळ्यांवर ठेवल्यासारखा.

आता कपाटाचं ते दार दुसऱ्या बाजूनं उघडलं. टॉवेलसाठी आलेला तेरा वर्षांचा पोरगा, गुडघ्यातून रक्त, मागे आई अर्धी बेशुद्ध, दारात सारी बिल्डिंग. तो कडी काढतो आणि आत धाकटा. टक्क जागा. सगळं ऐकत बसलेला. आईचं रडणं ऐकूनही न ओरडलेला. हे जर आईला कळलं, बिल्डिंगला कळलं, तर या कार्ट्याची काही खैर नाही. पोरगा मागे वळून बघतो. कोणी पाहिलं नाही. मग तळवा ठेवतो. डोळे मीट. ‘झोपलाय’ हे खोटं दादानं स्वतःसाठी बोललेलंच नव्हतं. आणि बोललेलं खोटं टिकावं म्हणून मग ते जन्मभर हसवून हसवून सांगितलं, इतकं की कोणी कधी विचारू नये, अरे, पण पोरगं गप्प का होतं? कोणी विचारलंही नव्हतं. दादानंसुद्धा.

दादा आता विचारत होता. “हाक,” तो म्हणाला. पुन्हा तोंडाची जुळवाजुळव केली. “का… नाही?”

धाकट्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्याला ते पुसावंसंही वाटत नव्हतं. “मला वाटलं, दादा,” तो म्हणाला, “मला वाटलं, कडी तू लावलीस.”

दादा बघतच राहिला. आधी त्याला ते समजलंच नाही असं वाटलं. मग तोंडाची चांगली बाजू हलली, भुवई वर गेली, खांदे गदगदायला लागले. दादा हसत होता. आवाज फुटत नव्हता, डोळ्यांतून धार लागली होती, वहिनी पाण्याचा ग्लास घेऊन धावली, आणि त्या सगळ्यातून, आजारपणानंतर पहिल्यांदाच, जुन्या मैदानी आवाजातला एक शब्द, स्वच्छ, खणखणीत, शेजारच्या गॅलरीत ऐकू जाईल असा बाहेर आला.

“गाढव!”

पुतणी रडायला लागली आणि हसायला लागली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. “बाबा, पुन्हा म्हणा! पुन्हा म्हणा!” आणि दादा म्हणालाही, दोनदा, तीनदा, त्याच्याकडे बोट दाखवून, दर वेळी तितकाच स्पष्ट. वहिनीचा जीव भांड्यात पडला. “घरात पाऊल ठेवल्यापासून आपणहून एक शब्द धड बोलले नव्हते, आणि पहिला बोलले तो शिवी,” ती म्हणाली, आणि डोळे पुसत तिनं सगळ्यांत मोठा केकचा तुकडा भावजींच्या बशीत घातला.

नंतर चहा झाला, गप्पा वाढल्या. पोरं गच्चीत पळाली. दादाच्या शेजारच्या सोफ्यावर तो जरा टेकला. अंग सैल पडलं होतं, कालच्या प्रयोगाचा शीण आता कुठं जाणवत होता. खिडकीतून येणारं उतरतं ऊन त्याच्या तोंडावर पडत होतं. ते कुठल्या कोनातून येतंय, त्याला कुठला दुधी कागद लावला तर मऊ होईल, असं सवयीनं त्याच्या मनात येऊन गेलं आणि त्यानं ते सोडून दिलं. शेजारून दादाचा डावा हात आला. जाडजूड तळवा त्याच्या डोळ्यांवर टेकला आणि ऊन गेलं. दादाला बोलावं लागलं नाही. धाकट्यानं डोळे मिटून घेतले. स्वयंपाकघरात कपबश्या वाजत होत्या, कोणीतरी नळ सोडला होता, जिन्यावर पोरांची पावलं वर गेली, खाली आली. कुठंतरी एक दार लागलं. ते कोणी लावलं असेल, असा प्रश्न त्याला पडला नाही.

पोरं परत आली तेव्हा चिमुरडी सर्वांत पुढे होती. सोफ्यापाशी येऊन ती थबकली, वाकून तिनं नीट बघितलं, आणि मग मागच्यांना ओठांवर बोट ठेवून गप्प केलं.

“आई,” ती दारातून कुजबुजली, “ये ना बघायला. कप्पूआजोबा खरंच झोपलाय.”